डोसाच्या बाटलीवरचे नाव

पोलिओचा रविवार होऊन गेला की पुढचे चार-पाच दिवस आशाताई घरोघर फिरतात. आमच्या तुळिंजच्या चाळींत त्यांच्या खडूच्या खुणा सगळ्यांना पाठ आहेत. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या लेकरांना डोस मिळाला असेल तर दारावर ‘पी’. एखादे राहिले असेल किंवा घरच्यांनी नकार दिला असेल तर ‘एक्स’. मागे एका वर्षी ही फेरी रमजानमध्ये आली. असरची नमाज झालेली, गल्लीत भजी, खजूर आणि कलिंगडाच्या गाड्या लागलेल्या, आणि आमच्या मजल्यावरच्या एका दारापुढे आशाताई लसीचा डबा घेऊन उभ्या. दारावर आदल्या दिवशीचा ‘एक्स’ तसाच.

घरातली सून बारावी शिकलेली, समजूतदार मुलगी. तिच्या थोरल्याला एकदा लस टोचल्यावर दोन रात्री सणकून ताप आला होता, मांडी सुजली होती. तेव्हापासून तिच्या मनाने धास्ती घेतली होती. प्रश्न रोजाचा नव्हता. लहान लेकरांवर रोजा नसतोच, हे तिलाही ठाऊक. तिने ती इवलीशी बाटली हातात घेतली, उलटसुलट फिरवून पाहिली आणि तिच्यावरचे नाव वाचून मला विचारले, की हे हाफकिन कोण? मी सवयीने सांगून टाकले, परळची सरकारी कंपनी आहे. घरी येऊन इफ्तारीची फळे कापताना लक्षात आले की उत्तर चुकले. तिने ‘कोण’ असे विचारले होते, ‘कुठली’ असे नव्हे.

वाल्डेमार हाफकिन हा माणूस परळचा तर नव्हताच, हिंदुस्थानचाही नव्हता. काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा या शहरात, त्या वेळच्या रशियन साम्राज्यात, १५ मार्च १८६० रोजी एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. ओडेसाच्या विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह त्याला शिकवायला होते, ज्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. १८८१ मध्ये झारचा खून झाला आणि त्याचा राग रशियातल्या ज्यू वस्त्यांवर निघाला. घरे लुटली गेली, माणसे मारली गेली. वस्तीच्या रक्षणासाठी जे तरुण उभे राहिले त्यांत हाफकिन होता. त्यात त्याला अटकही झाली. शिक्षण झाल्यावर विद्यापीठात जागा मिळू शकत होती, अट एकच : धर्म बदलायचा. तो बदलला नाही. त्यामुळे हुशार प्राणिशास्त्रज्ञ संग्रहालयातल्या किरकोळ कामावर राहिला, मग जिनिव्हाला गेला आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचला. तिथेही मिळाली ती ग्रंथालयातली मदतनिसाची नोकरी. पुस्तके लावून झाली की उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, आणि त्यातूनही वेळ उरला तर व्हायोलिन.

तिथेच त्याने पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा कोणा माणसाला टोचली, तो माणूस स्वतः हाफकिन. दुसऱ्याच्या लेकराला द्यायचे ते आधी आपल्या अंगावर घ्यायचे, ही त्याची रीत पुढेही राहिली.

पुढच्या वर्षी तो कलकत्त्याला आला. परका, त्यातून रशियन, त्यातून ज्यू. गोऱ्या अधिकाऱ्यांना तो हेर वाटे, देशी लोकांना गोऱ्यांचा माणूस वाटे. कलकत्त्याच्या वस्त्यांत तळ्याचे पाणी पिणारी माणसे दरसाल पटकीने मरत होती. तिथे तो एकटा गेला नाही. बंगाली डॉक्टरांना बरोबर घेऊन गेला, वस्तीत बसून राहिला, लोकांच्या देखत आधी स्वतः टोचून घेतले, डॉक्टरांनी टोचून घेतले, मग विचारले. कोणी पुढे आला तर बरे, नाही आला तर पुन्हा उद्या. अशा पद्धतीने दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांवर माणसांना लस दिली गेली. मधल्या काळात त्याला मलेरियाने इतके पछाडले की उपचारांसाठी युरोपला परतावे लागले. बरा झाला आणि १८९६ मध्ये पुन्हा आला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या जांघेतली गाठ पाहून ओळखले की हा प्लेग आहे. मांडवी म्हणजे गोदी, धान्याची कोठारे आणि उंदीर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने हाफकिनला मुंबईला बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला मिळाले काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या फौजेवर प्लेगची लस करायची.

ती कशी केली हे मला फार आवडते, कारण ते जवळजवळ स्वयंपाकघरातले काम आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात तो गाईच्या मांसाचा करतात. इथे तसा केला तर हिंदू माणूस सुई टोचून घेणार नाही, आणि डुकराचे काही वापरले तर मुसलमान घेणार नाही, हे हाफकिनने ओळखले. त्याने बकऱ्याचे मांस घेतले. आपल्याकडे इफ्तारला जी यखनी करतात तिचीच ही प्रयोगशाळेतली बहीण म्हणायची. त्या रश्श्यावर तो तुपाचे थेंब सोडी. थेंब वर तरंगत आणि जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढत, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुन्याच्या सुयांसारखे. भांडे हलवले की ते तळाशी पडत आणि वर पुन्हा नवे वाढत. शेवटी ६५ अंशांवर तासभर तापवून सगळे जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंनी रोग होत नाही, पण शरीर त्यांना ओळखायला शिकते. एका ज्यू माणसाने हिंदू-मुसलमानांच्या खाण्यापिण्याचा विचार केला तो दिखाव्यासाठी नव्हे. लोकांनी नाकारलेली लस कितीही उत्तम असली तरी ती लस नसते, एवढा त्याचा साधा हिशोब होता.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस स्वतःला टोचून घेतली, तीही नंतर लोकांना देत त्याच्या कितीतरी जास्त मात्रेत. ताप चढला, दंड ठणकला, पण तो कामावर आला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले आणि साधारण निम्मे, दीडशेच्या आसपास, पुढे आले. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

आता शहराकडे पाहू. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. करोनाच्या वेळी आपण ज्याचे नाव ऐकले तोच हा कायदा. हिजरी पंचांगाचा हिशोब मांडला तर १३१४ सालच्या रमजानचा चांदही त्याच आठवड्यात दिसलेला. म्हणजे मुंबईच्या मोहल्ल्यांत सहरीला उठणाऱ्या घरांना त्या महिन्यात दोन गोष्टींची भीती होती. एक गाठीची, दुसरी दारावरच्या थापेची. तपासणीच्या टोळ्या घरांत घुसत. आजारी माणूस सापडला की त्याला इस्पितळात आणि बाकीच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. सामान जाळत. ज्या घरात प्लेगने माणूस गेले त्या घरावर लाल वर्तुळ काढत. शहरातले निम्म्याच्या आसपास लोक पळाले. साथ असलेल्या गावी जाऊ नये आणि साथ असलेल्या गावातून पळू नये, ही नबींची शिकवण मुसलमान घरांत लहानपणापासून कानावर असते. पण ती पाळायला माणसाला आपल्या गावात निर्धास्त वाटायला हवे. लोक गाड्या भरभरून बाहेर पडले, काही आमच्याच लाईनीने उत्तरेला, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही निघाला.

पुण्यात या सक्तीचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे शाळेत आपण सगळे शिकतो. मुंबईचा प्रसंग कमी सांगितला जातो. ९ मार्च १८९८, रमजान ईद होऊन दोनच आठवडे झालेले. मदनपुऱ्यात जुलाह्यांची, म्हणजे विणकरांची वस्ती. एका घरात बारा वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली. टोळी तिला तपासायला आणि न्यायला आली. घरच्यांनी नकार दिला. मोहल्ला जमा झाला, दगड आले, मग गोळ्या आल्या, आणि दंगल शहरभर पसरली. त्या मुलीचे पुढे काय झाले याची नोंद मला कुठे वाचायला मिळालेली नाही. तिच्या घरच्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण आजारी लेकराला परक्या पुरुषांच्या हाती देऊन परत मिळेल की नाही याची खात्री नसताना, मीही दार उघडले असते का?

हाफकिनची लस या टोळ्यांबरोबर फिरत नव्हती. ती विचारून दिली जात होती. तरी ती त्याच सरकारची, त्यामुळे तिच्याविषयी अफवा उठतच होत्या. इथे एक तरुण पुढे आला. खोजा इस्माईली समाजाचे इमाम, तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह, वय अवघे एकोणीस-वीस. त्यांनी आपल्या लोकांसमोर उघडपणे टोचून घेतले आणि ते सगळीकडे कळेल अशी व्यवस्था केली. मग हजारो खोजा कुटुंबे रांगेला लागली. प्रयोगशाळेला जागा कमी पडत होती, तर आपला खुश्रू लॉज हा बंगला त्यांनी हाफकिनला वापरायला दिला. सुईने दंडात दिलेल्या लसीने रोजा मोडत नाही, असे आज बहुतेक आलिम सांगतात. त्या काळी हा प्रश्न कोणी कोणाला विचारला असेल आणि काय उत्तर मिळाले असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

लस खरोखर किती उपयोगी आहे हे तपासायला हाफकिन आमच्याच रेल्वेमार्गाने वर गेला, पोर्तुगीजांच्या दमणला. वसईसारखेच किल्ल्याचे गाव. १८९७ च्या वसंतात तिथे प्लेगने थैमान घातले होते. ८,२३० वस्तीपैकी २,१९७ जणांनी लस घेतली. त्यांतले ३६ दगावले. न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२.

पण त्याच्या सगळ्या आकड्यांत मला उंडेऱ्याचा आकडा सोडवत नाही. उंडेरा हे सयाजीरावांच्या बडोदे संस्थानातले, शहराजवळचे खेडे. फेब्रुवारी १८९८ मध्ये प्लेग गावात शिरलेला असताना हाफकिन तिथे गेला. टीकाकार म्हणत होते, की लस घेणारे बहुधा सुखवस्तू, शिकलेले असतात. ते वाचतात ते लसीमुळे की चांगल्या राहणीमुळे? याला उत्तर म्हणून त्याने गावातली कुटुंबे एकेक करून समोर बसवली आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन सारखे भाग केले. वय, बाई-पुरुष, तब्येत, सगळे तोलून. एका भागाला टोचले, दुसऱ्याला नाही. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर, तेच पाणी. काही आठवड्यांनी परत जाऊन मोजले. अठ्ठावीस घरांत प्लेग शिरला होता. त्या घरांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले.

शास्त्र म्हणून यापेक्षा स्वच्छ पुरावा त्या काळात मिळणे कठीण. तरी हे सव्वीस माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांत किती लेकरे होती, किती आया, याचा हिशोब करायला लागले की हात थांबतो. लस उपयोगी आहे असे हाफकिनला तोवर बरेचसे कळले होते. मग उरलेल्या अर्ध्या घराला का नाही? आज कोणतीही नीतिमत्ता समिती असा प्रयोग होऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. उलट बाजूने पाहिले, तर हा पुरावा नसता तर पुढची कोट्यवधी माणसे कशाच्या भरवशावर दंड पुढे करणार होती? मला या दोन वाक्यांतले एकही खोडता येत नाही. हाफकिनला संत करून ठेवणाऱ्या लेखांत उंडेरा एका ओळीत उरकतात. मला वाटते, त्याचे मोठेपण आणि त्या काळाची कठोरता दोन्ही तिथेच एका अंगणात बसलेली आहेत.

१८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, गव्हर्नर जिथे राहत त्या वाड्यात, प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. एक खोली आणि तीन शिपायांपासून तीन वर्षांत हा पल्ला. राणीकडून किताब मिळाला, देशोदेशीहून लसीची मागणी येऊ लागली.

आणि मग एक बाटली. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातले मुलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी १९ जणांना, सगळ्या एकाच बाटलीतून टोचलेल्यांना, आठवडाभरात धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. बाटलीचा क्रमांक ५३-एन. चौकशी बसली आणि ठपका परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर आला. लसीत कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी पद्धत सोडून त्याने फक्त उष्णतेवर भरवसा ठेवला, हा त्याचा गुन्हा ठरला. त्याला प्रयोगशाळेतून दूर करण्यात आले. तो लंडनला गेला आणि तिथे पाच वर्षे आपले नाव धुऊन काढण्यासाठी धडपडत राहिला.

कागद उलगडले तसे वेगळेच दिसू लागले. त्याच भांड्यातून भरलेल्या दुसऱ्या बाटल्यांनी कोणाला काही झाले नव्हते. बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. जंतू परळच्या भांड्यात असते तर टोचताक्षणी बाटलीला घाण वास आला असता, अशीही बाजू मांडली गेली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिनच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले. शेवटी सरकारने त्याला दोषमुक्त केले. पण परळ परत मिळाले नाही. कलकत्त्यात एक जागा मिळाली, ज्यात स्वतःच्या लसीचे प्रयोग करायची मुभा नव्हती. पंचावन्नाव्या वर्षी तो निवृत्त होऊन फ्रान्सला गेला.

मुलकोवालचे एकोणीस मृत्यू खरे होते. त्या घरांना चिमट्याची गोष्ट सांगून काय उपयोग? लसीवरचा विश्वास हा असा असतो. लाखो दंड दुखून बरे होतात त्याची बातमी होत नाही, एका बाटलीची होते, आणि ती व्हायलाही हवी. माझी तक्रार निराळी आहे. चूक कुठे झाली हे शोधायला पाच वर्षे लागली आणि तोवर दोष आयता परक्या माणसाच्या माथी बसला. गोरा इंग्रज डॉक्टर त्या खुर्चीत असता तर असेच झाले असते का, असा प्रश्न तेव्हाही काहींनी विचारला होता.

उतारवयात हाफकिन पुन्हा आपल्या धर्माकडे वळला. आहाराचे नियम, प्रार्थना, शब्बाथ यांची माणसाला गरज का आहे यावर त्याने लेख लिहिला. त्याने लग्न केले नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे तो वारला आणि आपली सगळी पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांत शिकणाऱ्या मुलांसाठी ठेवून गेला. ज्या धर्मापायी नोकरी नाकारली गेली, त्याच्यासाठी.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्येच त्याचे नाव देण्यात आले होते. तोवर तिथून प्लेगच्या लसीचे दोन कोटींहून जास्त डोस बाहेर गेले होते. पुढे सर्पदंशावरची औषधे आली, पोलिओचे थेंब आले. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या कित्येक मराठी माणसांनी लहानपणी हाफकिनच्या बाटलीतले थेंब घेतलेले असतील. मात्र गाडी पुढे गेली म्हणून मागचे स्टेशन उठून जात नाही. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराने लेकरे दगावली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची लस राहिलेली होती.

त्या रमजानात, दुसऱ्या दिवशी इफ्तारीचे ताट घेऊन मी शेजारी गेले. तिच्या घरातून आमच्याकडे फालुदा यायचा होता, आमच्याकडून तिच्याकडे कबाब जायचे होते. मगरिब झाल्यावर चहा घेता घेता तिला हे सगळे सांगितले, यखनीसकट, मुलकोवालसकट. मुलकोवाल लपवायचे नाही असे आधीच ठरवले होते. तिने सगळ्यात जास्त प्रश्न उंडेऱ्याबद्दल विचारले. तिथल्या आईने कोणते लेकरू पुढे केले असेल, हा तिचा पहिला प्रश्न. निवड आईच्या हाती नव्हती, साहेबांनी केली होती, असे मी सांगितले, तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग थोरल्याच्या तापाविषयी बोलली. त्या वेळी केंद्रावर तिला कोणी नीट सांगितलेच नव्हते, की ताप येऊ शकतो, आला तर काय करायचे, मांडीवर थंड पाण्याची घडी ठेवायची. रात्री दोन वाजता ती एकटी घाबरून बसली होती. नवऱ्याला विचारून सांगते, असे म्हणून तिने मला फालुद्याचा पेला हातात दिला.

तिसऱ्या दिवशी तिच्या दारावरचा ‘एक्स’ ओल्या फडक्याने पुसलेला होता आणि त्याच्या जागी ‘पी’ होता. माझ्या गोष्टीने झाले, की आशाताईंच्या चौथ्या फेरीने, ते मी विचारले नाही. आशाताई त्या वेळी आणखी दोन मजले वर, पुढच्या दारावर थाप मारत होत्या.